अर्जातली सहा नाटकं

जयपूरला विमानाने जाणारा माणूस खरं तर सांगानेरात उतरतो. विमानतळ तिथलाच. बाहेर येऊन तो टॅक्सीवाल्याला हवामहल सांगतो, परतताना सांगानेरी छापाच्या दोन चादरी घेतो आणि त्याच्यापुरतं सांगानेर संपतं.

तिथे राहणाऱ्या मुलामुलींचं संपत नाही.

बारावी होते. घरात चौकशी सुरू होते. मुलगी म्हणते, मला अभिनय शिकायचाय. पुढचा प्रवेश सातारा, सोलापूर, सांगानेर, सगळीकडे एकच. आई गप्प. वडील विचारतात, "त्याची डिग्री असते का?" ताऊजी विचारतात, "आणि नोकरी?" शेजारच्यांना कुणी काही विचारलेलं नसतं. ते मुंबईत उपाशी राहिलेल्या कुणाची तरी गोष्ट सांगतात.

वडिलांचा आणि ताऊजींचा प्रश्न रास्त आहे. त्याला हसणारे बहुतेक दुसऱ्याच्या मुलीला सल्ला देत असतात.

तर डिग्री असते. पण ती मिळवायला आधी दारातून आत जावं लागतं, आणि माझं भांडण त्या दाराशी आहे.

सांगानेर भागात शिक्षणसंस्थांना तोटा नाही. सीतापुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास इंजिनिअरिंग, मॅनेजमेंट, फार्मसी, जे म्हणाल ते. प्रतापनगरात तर राजस्थान गृहनिर्माण मंडळाने खास क्लासवाल्यांसाठी कोचिंग हब उभारलं. बहुमजली इमारती, वर्गखोल्या, सगळं एका आवारात. डॉक्टर व्हायचंय, इंजिनिअर व्हायचंय, सरकारी नोकरीत जायचंय? या, बसा.

नट व्हायचंय? मग शहरात जा.

शहरात सोय आहे. राजस्थान विद्यापीठात नाट्यविभाग आहे. रवींद्र मंच 1963 पासून उभा आहे. जवाहर कला केंद्र तर चार्ल्स कोरियांनी जयपूरच्या नवग्रहांच्या आराखड्यावर, नऊ चौकोनांत रचलेलं. देशभरातून वास्तुकलेचे विद्यार्थी ते बघायला येतात. सांगानेरहून अंतर दहा-बारा किलोमीटर. नकाशावर किरकोळ.

तालीम संध्याकाळी सहाला सुरू होते आणि नऊला संपते. मग त्याच दहा-बारा किलोमीटरचा हिशोब एकोणीस वर्षांच्या मुलीच्या आईला विचारा.

आता अर्जाकडे येऊ. अभिनय म्हटलं की पहिलं नाव राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं. दिल्लीचं बहावलपूर हाऊस. 1959 साली संगीत नाटक अकादमीने सुरू केलेलं, पुढे 1975 मध्ये स्वायत्त झालेलं. तीन वर्षं, पूर्ण वेळ, वर शिष्यवृत्ती. सबंध देशातून दरवर्षी घेतात ते तिसेक जण. अट काय? कुठल्याही विषयातली पदवी. हिंदी-इंग्रजी कामापुरती यावी. इथपर्यंत ठीक.

आणि किमान सहा नाटकांत भाग घेतल्याचे पुरावे. शिवाय रंगभूमीवरच्या जाणत्या माणसाचं शिफारसपत्र.

सहा नाटकं! पुराव्यासकट!

सांगानेरच्या कापड छापणाऱ्या छिपांच्या कारखान्यात जाऊन बघा. लांबलचक टेबल, त्यावर ताणलेलं कापड, लाकडी ठसा. आधी रेखेचा ठसा, म्हणजे नक्षीची बाह्यरेषा. तो कसलेल्या हाताकडे. एका ठशाची कड पुढच्याला बरोबर भिडली पाहिजे; सूतभर सरकला तर अख्खा ताका वाया. मग दत्ता, म्हणजे आतला रंग भरणारे ठसे. नवखा पोरगा शेजारी उभा राहून बघतो, हळूहळू हात बसतो. त्याला कारखान्याच्या दारात कुणी अडवत नाही, की बाबा रे, आधी सहा ताके छापल्याचा दाखला आण, मग तुला छापायला शिकवतो.

छिपांना कळतं ते दिल्लीला का कळू नये?

अटीमागचं कारण मला ठाऊक आहे. हौशे, नवशे, गवशे गाळायचे आहेत. जागा थोड्या, अर्ज फार. आरशासमोर दोन संवाद म्हणून आलेल्याला तीन वर्षं देता येत नाहीत. मान्य. पण ही चाळणी हौशांबरोबर आणखी कुणाला गाळते? ज्याच्या गावात नाटकाचा ग्रुप नाही त्याला. जिच्या कॉलेजात स्नेहसंमेलनाची नाटिका हेच नाटक, तिला. ज्याला शिफारस करणारा "जाणता" माणूसच भेटलेला नाही त्याला.

थोडक्यात, जयपूरच्या मुलाला जाऊ देते आणि सांगानेरच्याला थांबवते.

इरफान खानचं उदाहरण याच रस्त्यावरचं. सांगानेरवरून जो टोंक रोड जातो त्याच टोंकशी नातं सांगणारं कुटुंब. मुलगा जयपुरात वाढला. 1984 मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेला. अर्जासाठी नाटकांचा अनुभव हवा होता, तेवढा गाठीशी नव्हता. तेव्हा यादी रचून दिली. हे त्याने स्वतःच नंतर सांगितलं. म्हणजे नियम काटेकोर तपासला असता तर काय झालं असतं? 'मकबूल' नाही, 'द लंचबॉक्स' नाही, 'पानसिंग तोमर' नाही.

एवढा मोठा नट आपल्याला मिळाला, कारण त्या दिवशी कुणी कागद उलटून पाहिला नाही. ज्यांनी खरं लिहिलं आणि घरी बसले, त्यांची नावं आपल्याला कळणारही नाहीत.

मनोज बाजपेयीला याच विद्यालयाने एकापेक्षा जास्त वेळा नाकारलं. ही गोष्ट हल्ली प्रत्येक भाषणात "हार मानू नका" म्हणून सांगतात. मला तिच्यात दुसरंच दिसतं. निवड चुकू शकते, वारंवार चुकू शकते, आणि चुकल्याची किंमत फक्त अर्जदार मोजतो. बाजपेयीकडे बॅरी जॉनसारखे गुरू होते, दिल्लीतली रंगभूमी होती. नकार पचवायलाही शहर लागतं.

आपल्याकडे काय? महाराष्ट्राने या बाबतीत जरा बरं काम करून ठेवलंय. राज्य नाट्य स्पर्धा 1950च्या दशकापासून चालू. पुण्यात पुरुषोत्तम करंडक 1963 पासून. मुंबईत एकांकिका स्पर्धांची रांग. कॉलेजातला मुलगा तीन वर्षांत सहा काय, आठ एकांकिका करून बसतो. सोलापूरच्या 'नाट्य आराधना'त हौशी नाटकं केलेले अतुल कुलकर्णी दिल्लीला गेले, 1995 साली पदविका घेऊन बाहेर पडले. गावात संस्था होती म्हणून अर्जात लिहायला काही होतं.

पण लगेच कॉलर ताठ करू नका.

झाडीपट्टीत जा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा. वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालयं. दिवाळी सरली की रात्ररात्र प्रयोग, हजारोंचा प्रेक्षक, तिकीट काढून आलेला. तिथल्या पोराच्या गाठीला एका हंगामात जेवढ्या रात्री जमतात तेवढ्या पुण्याच्या करंडकवाल्याला तीन वर्षांत मिळत नाहीत. त्याला पुरावा कोण देणार? आणि दिलाच, तर निवड समितीतल्या किती जणांनी झाडीपट्टीचं नाटक पाहिलेलं असेल?

जयपुरातही तेच. ब्रह्मपुरीत होळीच्या दिवसांत भट्ट घराण्याचा तमाशा होतो. पिढ्यान् पिढ्या, उघड्या आखाड्यात, रागदारीत गायलेला. त्या घरातलं पोर चालायला लागतं तेव्हापासून अभिनय शिकतं. विद्यापीठाच्या अर्जात या शिक्षणासाठी रकाना कुठे आहे?

घराण्यात शिकलेलं मोजायचं नाही आणि वर्गात शिकवायची सोय करायची नाही. मग पोरांनी शिकायचं कुठे?

बरं, दिल्ली नको, साधं विद्यापीठ घेऊ. तिथे वेगळीच गंमत आहे. केंद्रीय विद्यापीठांच्या सीयूईटी या प्रवेश परीक्षेत परफॉर्मिंग आर्ट्सचा पेपर असतो. प्रश्न आणि चार पर्याय, त्यातून एक निवडा. भरतमुनींनी रस किती सांगितले ते बरोबर टिपणारा विद्यार्थी त्यातला एक तरी रस उभा करू शकतो का, हे संगणकाला कसं कळणार? काही ठिकाणी पुढे प्रात्यक्षिक घेतात. जिथे घेतात तिथे जरूर जा. जिथे नुसत्या गुणांवर अभिनयाला प्रवेश मिळतो, तिथे शिकवणंही नुसत्या गुणांपुरतं असण्याची शक्यता दाट.

विद्यापीठाच्या चौकटीत अभिनय मावतो का, हा प्रश्न मी काढलेला नाही. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला 2005 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला होता. विद्यालयालाच तो नकोसा झाला. 2011 मध्ये त्यांच्याच विनंतीवरून तो काढला गेला. सेमिस्टर, श्रेयांक, हजेरीपट यांच्या साच्यात रात्री अकरापर्यंत चालणारी तालीम बसत नाही, हे त्यांना सहा वर्षांत उमगलं.

आणि पुण्याची एफटीआयआय? तिला 2025 मध्ये तोच दर्जा मिळाला. जी संस्था 1960 पासून प्रभात स्टुडिओच्या जागेत सिनेमा शिकवते, जिथे नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी दिल्ली करून पुन्हा शिकायला आले, तिथला अभिनयाचा अभ्यासक्रम सत्तरच्या दशकात बंद पडला आणि पुन्हा सुरू व्हायला एकविसावं शतक उजाडलं. मधल्या पिढ्यांचं काय झालं, याचं उत्तर कुणाला द्यावं लागलं नाही. आता पदवी देता येईल. पालकांना बरं वाटेल. शिकवणं तेवढंच कसदार राहील का, ते तिथल्या शिक्षकांच्या नेमणुका बघून ठरवा.

विद्यापीठात अभिनय शिकवता येतच नाही, असं मात्र मी मुळीच म्हणत नाही. औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यविभाग कमलाकर सोनटक्के यांनी नावारूपाला आणला. ते स्वतः दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझींच्या तालमीत घडलेले. मराठवाड्यातल्या ज्या मुलांनी व्यावसायिक नाटकाचा पडदा पाहिला नव्हता, ती तिथे येऊन नाटक करायला लागली. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र 1987 चं. सतीश आळेकर तिथे अनेक वर्षं संचालक होते. मुंबई विद्यापीठाने 2003 मध्ये अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स काढली, ती वामन केंद्रे यांनी बांधली. पुढे ते राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले.

तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान दिसेल. आधी नाटकवाला माणूस नेमला.

इमारत बांधून नाटकवाल्याची वाट बघणाऱ्या विद्यापीठांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आणि जिथे नाटक खरंच शिकवतात तिथे विद्यापीठाने पाठीशी उभंही राहावं लागतं. फेब्रुवारी 2024 मध्ये ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांनी रामलीलेतल्या नटांच्या पडद्यामागच्या आयुष्यावर प्रयोग केला. प्रयोग बंद पाडला गेला, धक्काबुक्की झाली, आणि अटक कुणाला झाली? विभागप्रमुखांना आणि विद्यार्थ्यांना. नाटक आवडलं नाही तर टीका करा, उठून जा. शिकणाऱ्या पोरांना पोलिस ठाण्यात बसवून अभिनयाचं शिक्षण कसं चालायचं? त्या वर्षी किती घरांत आईवडिलांनी भरलेला अर्ज मागे घ्यायला लावला असेल?

तर सांगानेरच्या मुलीने करावं काय? तिने, तिच्या वडिलांनी आणि हो, ताऊजींनीसुद्धा, फी भरण्याआधी काही प्रश्न विचारावेत. माहितीपुस्तिका बाजूला ठेवा. तिच्यातल्या फोटोत सगळेच हसत असतात.

विचारा, गेल्या वर्षी विद्यार्थ्यांनी किती नाटकं उभी केली आणि त्याला तिकीट काढून बाहेरचा प्रेक्षक आला का. वर्षाला एक नाटक आणि तेही वार्षिक समारंभात, असं उत्तर आलं तर पिशवी उचला.

विचारा, पूर्ण वेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावर किती. दर सहा महिन्यांनी बदलणारा शिक्षक तुमच्या मुलीच्या आवाजात काय कमी आहे ते शोधेपर्यंत त्याचाच करार संपतो.

विचारा, तालमीची जागा कुठली. दुपारी तीनला कुलूप लागणारा सेमिनार हॉल दाखवला तर समजून जा. लाकडी जमीन आहे का, अनवाणी चालून बघा. शरीर हेच ज्यांचं अवजार, त्यांना फरशीवर तीन वर्षं उड्या मारायला लावणाऱ्या विभागाला गुडघ्यांचं काही पडलेलं नाही.

विचारा, तालीम उशिरा संपली तर मुली घरी कशा जातात. छळाची तक्रार कुणाकडे करायची, त्या समितीत कोण आहे. या प्रश्नावर समोरचा चिडला, तर उत्तर मिळालं.

आणि गेल्या पाच वर्षांत बाहेर पडलेले काय करतात, ते नावानिशी विचारा. भिंतीवर लावलेला एक प्रसिद्ध चेहरा पुरत नाही. बाकीचे चाळीस कुठे गेले?

तीन महिन्यांत "कॅमेऱ्यासमोर तयार" करणाऱ्या दुकानांबद्दल लिहायला जागा घालवत नाही. जिथे आधी पोर्टफोलिओच्या फोटोंचे पैसे मागतात, तिथे धंदा फोटोंचा आहे.

आता निवड चाचणीबद्दल दोन शब्द, कारण तिथे पोरं हकनाक हरतात. स्वगत म्हणायचं असतं. दहातले आठ जण ओरडतात. कर्ण ओरडतो, औरंगजेब ओरडतो, रांगेत उभा असलेला कारकूनही ओरडतो. उरलेले दोघे कुठल्या तरी सिनेमातल्या नटासारखं करून दाखवतात. परीक्षक थांबवतात आणि म्हणतात, हेच वाक्य आता झोपलेल्या लहान भावाशेजारी बसून बोल. नाहीतर, हेच भाजी निवडता निवडता बोल. आणि पोरं गोठतात. पाठांतर पक्कं असतं, पण ते वाक्य का बोलायचं, कुणाला बोलायचं, हे कधी कुणी विचारलेलंच नसतं.

परीक्षकांना घोटीव अदाकारीपेक्षा हेच बघायचं असतं: सांगितलेलं ऐकू येतं का, आणि ऐकून काही बदलतं का. ऐकणं शिकायला महागडा क्लास लागत नाही. चार जण, एक खोली आणि रोजचे दोन तास लागतात. मुलगी मारवाडी-ढूंढाडीत वाढली असेल तर तिने त्याच बोलीत एक उतारा तयार करावा. हिंदीच्या शुद्ध उच्चारांच्या धास्तीने आखडलेली मुलं स्वतःच्या बोलीत आली की खांदे खाली येतात, श्वास मोकळा होतो. उच्चार पुढे तीन वर्षांत शिकवता येतात. तेवढ्यासाठीच तर शाळा असते.

ताऊजींचा नोकरीचा प्रश्न राहिलाच. खरं उत्तर द्यावं. अभिनयाच्या पदवीवर नोकरीची हमी नाही. जो देईल तो खोटं बोलतोय. पण शाळांत नाटक शिकवणारे लागतात. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने मुलांसाठी आणि मुलांबरोबर काम करणारी 'संस्कार रंग टोली' 1989 पासून चालवली आहे. रेडिओ, डबिंग, श्राव्य पुस्तकं, मालिकांचं लेखन, दिग्दर्शनाला सहाय्य, यांत शिकलेला माणूस टिकतो. तारा होणं यात धरू नका. आणि जी राज्य सरकारं चित्रकला-संगीताच्या शिक्षकांची पदंही भरत नाहीत, त्यांना ताऊजींनीच एकदा जाऊन विचारावं, नाटकाच्या शिक्षकाचं पद तुमच्या शाळांत का नाही? एक नोकरी निर्माण झाली की दहा घरांतला वाद मिटेल.

राहिली ती सहा नाटकं. अट ठेवायची तर ठेवा, पण मग ती पुरी करायची जागाही द्या. नाट्य विद्यालयाने निवडीआधी लहान गावांत आठवड्याभराची शिबिरं घ्यावीत आणि तिथलं काम अनुभव म्हणून धरावं. राजस्थान विद्यापीठाच्या नाट्यविभागाने सांगानेर, बगरू, चाकसू इथल्या कॉलेजांत वर्षाला एकेक नाटक बसवायला आपले विद्यार्थी पाठवावेत. त्यांनाही दिग्दर्शनाचा सराव होईल. आणि प्रतापनगरचं ते कोचिंग हब संध्याकाळी काही तास तरी मोकळं असेलच. जनतेच्या मंडळाने बांधलंय. त्यातली एक मोठी खोली, बाकं भिंतीला लावून, सहा ते नऊ नाटकाला द्यावी. भाडं नाममात्र, किल्ली परिसरातल्या एखाद्या कॉलेजाकडे, परतीची शेवटची बस साडेनऊला. यासाठी ना कोरिया लागतात, ना नवग्रह. गृहनिर्माण मंडळाचा एक ठराव लागतो.

सांगानेरच्या आमदारांनी तो मांडायला हरकत काय?